झिजलेली कप्पी

मोटारगाडीचे बॉनेट उघडले की सर्वसामान्य माणसाची नजर प्रथम कार्ब्युरेटरकडे, बॅटरीकडे किंवा स्पार्क प्लगच्या तारांकडे जाते. एंजिनाच्या अगदी पुढच्या टोकाला, रेडिएटरच्या मागे अर्धवट लपलेली एक लोखंडी कप्पी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गॅरेजमध्ये तिला नुसते ‘पुली’ म्हणतात. ती क्रँकशाफ्टच्या नाकावर बसविलेली असते. तिला वंगण द्यावे लागत नाही आणि गाडी नवी असताना कित्येक वर्षे ती कुरकुरही करीत नाही. परंतु जुन्या धाटणीच्या गाड्यांत याच कप्पीवरून निघालेला एकच रबरी पट्टा पाण्याचा पंप, पंखा आणि डायनामो किंवा आल्टरनेटर या सर्वांना फिरवतो. ही कप्पी पट्ट्याला नीट पकडीनाशी झाली म्हणजे एंजिन थंड ठेवण्याची आणि बॅटरी भारित ठेवण्याची अशा दोन्ही व्यवस्था एकाच वेळी लंगड्या पडतात. भर उन्हाळ्यात, चार माणसे आणि सामान घेऊन गाडी घाट चढत असताना हे घडले, तर कप्पीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च सिलिंडर हेडच्या दुरुस्तीवर करावा लागतो.

भारतात हा प्रश्न आज अनेकांच्या दारात उभा आहे. कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या ॲम्बॅसडर गाडीचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून ती घेतलेली होती आणि तिचे १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन कित्येक वर्षे जवळजवळ तसेच चालू राहिले. मुंबईत कुर्ला येथे बनणारी पद्मिनी त्याच्या आधीच बंद झाली होती, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. अशा गाड्या हौसेने किंवा गरजेने सांभाळणाऱ्यांना सुटे भाग बाजारात हुडकावे लागतात. मोडीतून काढलेली कप्पी मिळते, पण ती आपल्या कप्पीपेक्षा कमी झिजलेली असेलच असे नाही. म्हणून आहे त्या कप्पीत नेमके काय झिजले आहे आणि त्यांपैकी घरच्या घरी काय सुधारता येईल, हे ओळखता येणे अगत्याचे ठरते. कप्पीची झीज चार ठिकाणी होते: पट्टा बसतो त्या चरात, ऑइल सील घासते त्या तुंब्यावर, चावीच्या खोबणीत, आणि काही कप्प्यांत असलेल्या रबराच्या कड्यात. या चारही झिजांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत.

प्रथम चराचा विचार करू. दोर खुंट्याभोवती गुंडाळला असता त्याची पकड किती वाढते याचे गणित लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडले. सपाट पट्टा आणि सपाट कप्पी यांना तेच गणित लागू पडते. मोटारीच्या पट्ट्याचा छेद मात्र इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. रबराचा असा पट्टा अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स याने १९१७ मध्ये तयार केला. व्ही-पट्टा चराच्या तळावर टेकत नाही. तो दोन्ही बाजूंच्या तिरप्या भिंतींत पाचरीसारखा रुतून बसतो, आणि जितका ताण वाढतो तितका अधिक घट्ट रुततो. चराच्या दोन भिंतींमधील कोन ३६ अंशांचा धरला, तर या पाचरीमुळे घर्षणाचा परिणाम सपाट कप्पीच्या मानाने सव्वातीनपट होतो. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. डायनामोच्या लहान कप्पीला पट्ट्याने तिच्या परिघाच्या एक-तृतीयांश भागाचा विळखा घातला आहे आणि घर्षणांक ०.३ आहे असे समजा. सपाट पट्टा असता तर ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या दुपटीलाही पोहोचण्यापूर्वी पट्टा घसरला असता. व्ही-चरात हेच प्रमाण साडेसात पटींपर्यंत जाते. पट्टा फारसा न ताणताही एवढे ओझे का ओढतो, याचे उत्तर त्या तिरप्या भिंतींत आहे.

आता भिंती झिजल्या म्हणजे काय होते ते पाहावे. प्रत्येक भिंत बाजूच्या दिशेने अवघी अर्धा मिलिमीटर झिजली, तर त्याच रुंदीचा पट्टा चरात सुमारे दीड मिलिमीटर खाली उतरतो. कप्पीचा उपयुक्त व्यास तीन मिलिमीटरने कमी होतो. १२५ मिलिमीटर व्यासाच्या कप्पीत याचा अर्थ पंखा आणि पंप अडीच टक्के हळू फिरतील एवढाच. तेवढ्याने एंजिन तापत नाही. खरा धोका पुढे आहे. झीज आणखी वाढली की पट्ट्याचा तळ चराच्या तळाला टेकतो. त्या क्षणी पाचर संपते, भिंतींवरचा दाब नाहीसा होतो आणि व्ही-पट्टा सपाट पट्ट्यासारखा वागू लागतो. सव्वातीनपटीचा लाभ हातचा जातो, आणि पट्टा घसरू लागतो.

ही अवस्था ओळखण्यास उपकरणे लागत नाहीत. एंजिन बंद आणि थंड असताना पट्टा काढून चरात बॅटरीचा प्रकाश टाकावा. भिंती गुळगुळीत असून तळ मंद, काळपट आणि धुळकट असेल तर कप्पी ठीक आहे असे समजावे. तळ आरशासारखा चकाकत असेल, तर पट्टा तेथे टेकत आहे. चकाकी पाहून कप्पी चांगली आहे असा समज करून घेणारे पुष्कळ असतात. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. भिंतींवर पोलादी पट्टीची कड ठेवून पाहावी. पट्टी आणि भिंत यांच्यामधून उजेड दिसला तर भिंत पोखरली गेली आहे. शेवटी योग्य मापाचा नवा पट्टा चरात बसवावा. त्याची वरची बाजू कप्पीच्या काठाशी सपाट किंवा किंचित वर असावी. ती काठाच्या खाली गेली तर संशयाला जागा उरत नाही. ही परीक्षा जुन्या पट्ट्याने करू नये, कारण तो स्वतःच झिजून अरुंद झालेला असतो.

घसरणारा पट्टा सकाळी गाडी सुरू करताना किंवा रात्री दिवे लावल्यावर किंचाळतो. बहुतेक चालक मग तो ताणतात. काही जण त्यावर साबण घासतात, काही राळेची पूड टाकतात, आणि दोन दिवस शांतता मिळाली की काम झाले असे मानतात. तळाला टेकलेला पट्टा कितीही ताणला तरी पाचर परत येत नाही. ताणाचे ओझे मात्र पाण्याच्या पंपाच्या आणि डायनामोच्या बेअरिंगवर पडते. पंप गळू लागतो, तो बदलला जातो, नव्या पंपावरही तोच पट्टा तितकाच ताणून बसविला जातो, आणि वर्षभरात तोही गळतो. दोष ज्या कप्पीचा, तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

भिंती का झिजल्या, हे दुरुस्तीपूर्वीच शोधले पाहिजे. दोन्ही भिंती सारख्या झिजल्या असतील तर ते वयाचे आणि धुळीचे काम आहे. राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात वाळूचे बारीक कण पट्ट्याच्या रबरात रुतून बसतात आणि पट्टा सँडपेपरसारखे काम करतो. कोकणात किंवा बंगालमध्ये पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चरावर गंज चढतो, आणि गाडी पुन्हा चालू लागली की तो खरखरीत गंज आधी पट्ट्याला खातो व मग स्वतः गळून पडताना थोडी धातूही घेऊन जातो. एकच भिंत अधिक झिजली असेल, तर मात्र कप्प्या एका ओळीत नाहीत. क्रँकशाफ्टच्या आणि पंपाच्या कप्पीवर एक ताणलेला दोरा किंवा सरळ पट्टी धरली की ते लगेच कळते. डायनामोचा वाकलेला कंस किंवा मागच्या वेळी बसवायचा राहिलेला एखादा वायसर, एवढे क्षुल्लक कारणही पुरते. ते दूर न करता नवी कप्पी बसविली, तर ती त्याच बाजूने झिजते.

चर सुधारण्याचे काम लेथवरच होते. कप्पी ओतीव असेल आणि तळाखाली पुरेशी धातू असेल, तर कुशल कारागीर भिंती योग्य कोनात हलक्याने साफ करून तळ दोनेक मिलिमीटर खोल करतो. व्यास किंचित कमी होतो, पण पट्ट्याखाली पुन्हा मोकळी जागा होते आणि पाचर परत येते. कप्पी दाबलेल्या पत्र्याच्या दोन थाळ्या जोडून केलेली असेल, तर हा उपाय वर्ज्य आहे. तिच्यात कापण्याजोगी धातूच नसते. चरात वेल्डिंगची भर टाकून तो पुन्हा कातण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिला जातो. ओतीव लोखंडाला त्या उष्णतेने तडे जाण्याचा संभव असतो, आणि मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या वस्तूत लपलेला तडा असणे म्हणजे काय, याची कल्पना कोणासही करता येईल. कानशीने हातानेच चर घासू नये, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

कप्पी काढणे हे घरी करण्याजोगे काम आहे, मात्र त्यात घाई नसावी. बॅटरीची तार सोडावी. रेडिएटर थंड झाल्यावर पाणी काढून तो बाहेर घ्यावा. त्यावाचून बहुतेक गाड्यांत हात चालविण्यास जागा मिळत नाही. ॲम्बॅसडरसारख्या गाडीत कप्पी ज्या मोठ्या नटाने धरलेली असते, त्यालाच पुढे हँडल अडकविण्याचे दाते असतात, आणि तो सुटू नये म्हणून त्याच्या खाली पत्र्याचा कान असलेला वायसर वाकवून बसविलेला असतो. तो कान आधी सरळ करावा. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून साहाय्यकाने ब्रेक दाबून धरला म्हणजे क्रँकशाफ्ट फिरत नाही, आणि लांब दांड्याचा पाना डावीकडे ओढून नट सोडता येतो. पाना चासीला टेकवून स्टार्टरचा झटका देण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी चालते. पाना निसटला तर तो कोठे जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ती न केलेलीच बरी.

नट निघाल्यावर कप्पी क्वचितच हाताने सुटते. तिच्या काठाला हातोडीने ठोकू नये किंवा पहार लावून ती उचकटू नये. ओतीव काठ तुटतो, पत्र्याचा वाकतो. पुलरची पकड नेहमी मधल्या तुंब्यावर असावी, किंवा तुंब्यातच आटे असतील तर त्यांत बोल्ट घालून ओढावे. थोडे पातळ तेल सोडून एक रात्र थांबण्याने जे होते, ते हातोडीने होत नाही.

कप्पी हातात आल्यावर तिचा मागचा तुंबा पुसून पाहावा. या तुंब्याभोवती टायमिंग कव्हरमधील ऑइल सीलचा ओठ फिरत्या पृष्ठभागाला टेकून एंजिनातील तेल आत अडवीत असतो. बहुतेक जुन्या कप्प्यांवर या ठिकाणी एक बारीक वर्तुळाकार खाच पडलेली आढळते. मऊ रबराने पोलाद कसे झिजवले, असा प्रश्न साहजिक आहे. झिजवणारे रबर नसते. धूळ आणि जळक्या तेलाचे कण त्या ओठात रुतून बसतात, आणि लक्षावधी फेऱ्यांत तेच धातू कापतात. अशा खाचेवर नवे सील बसविले तरी तेल झिरपत राहते. ते तेल फिरत्या कप्पीवरून पट्ट्यावर उडते, पट्टा घसरतो, रबर फुगते. मालक एकामागून एक सील बदलतो आणि सील बनविणाऱ्यांना दोष देतो. बोटाचे नख खाचेत अडकले, की सीलकडे पाहणे सोडून तुंब्याकडे पाहावे.

घरी यावर तीन मार्ग उपलब्ध आहेत. खाच अगदी उथळ असेल, तर बारीक पॉलिशपेपरची पट्टी तेलात भिजवून तुंब्याभोवती गुंडाळावी आणि तो घासावा. घासण्याची दिशा नेहमी तुंब्याच्या परिघाभोवतीच असावी. तिरपे ओरखडे पडले तर ते स्क्रूच्या आट्यांसारखे काम करून तेल पद्धतशीरपणे बाहेर ओढतात, आणि चमकदार तुंबा पूर्वीपेक्षा अधिक गळतो. दुसरा मार्ग म्हणजे नवे सील कव्हरमध्ये एक-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसविणे. त्याचा ओठ मग जुन्या खाचेवर न टेकता अस्पर्श पृष्ठभागावर टेकतो. कव्हरमध्ये तेवढी जागा असेल तर यासारखा स्वस्त उपाय नाही, आणि तो योग्यही आहे. तिसरा मार्ग तुंब्यावर पातळ पोलादी बाही चढविण्याचा. गंजरोधक पोलादाच्या, सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या अशा बाह्या तयार मिळतात. खाच इपॉक्सीने भरून, ते ओले असतानाच बाही सरळ दाबून बसवितात. ती इतकी पातळ असते की सीलचे माप बदलावे लागत नाही. बाही तिरपी जाऊन सुरकुतली तर मात्र ती फुकट गेली असे समजावे; म्हणून ती लाकडी ठोकळ्याने नव्हे, तर तिच्याबरोबर येणाऱ्या टोपीने सारखा दाब देऊन बसवावी.

चावीच्या खोबणीची झीज अधिक गंभीर आहे. क्रँकशाफ्ट आणि कप्पी यांच्यामध्ये अर्धचंद्राकृती चावी असते. अमेरिकेतील कनेटिकट येथील वुड्रफ या संशोधकाला तिच्यासाठी १८८८ मध्ये जॉन स्कॉट पदक मिळाले, आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. कप्पीचे सर्व बळ ही चावीच वाहते असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक कप्पी धरून ठेवते ती नटाची आवळ. चावीचे मुख्य काम जागा निश्चित करण्याचे. नट सैल राहिला की एंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कप्पी पुढेमागे हिसके घेते, चावी हातोडीसारखी आपटते आणि खोबण रुंदावत जाते. एंजिनाच्या पुढच्या भागातून येणारा हा ठकठक आवाज पुष्कळदा बेअरिंगचा समजला जातो आणि विनाकारण एंजिन उघडले जाते.

केवळ चावी झिजली असेल तर नवी चावी बसवून काम भागते. खोबण कप्पीकडची रुंदावली असेल, तर कारखान्यात तुंब्याच्या विरुद्ध बाजूस नवी खोबण पाडून घेता येते. तसे केल्यास कप्पीच्या काठावरची टायमिंगची खूण अर्ध्या फेऱ्याने सरकते, हे विसरता कामा नये. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकाला आणून नवी खूण छिन्नीने करावी आणि जुनी भरून टाकावी; नाहीतर पुढचा मिस्त्री चुकीच्या खुणेवर ठिणगीची वेळ लावील. डब्याच्या पत्र्याची पट्टी चावीशेजारी ठोकून बसविण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती फार तर शंभर किलोमीटर टिकते, आणि त्या शंभर किलोमीटरांत क्रँकशाफ्टकडची खोबणही खराब होते. तेथपर्यंत झीज गेली तर हा विषय घराच्या अंगणातला राहत नाही.

चौथ्या प्रकारच्या कप्पीवर घरी काहीही करू नये. काही एंजिनांत कप्पी दोन भागांची असते: मधला तुंबा, बाहेरचे जड कडे, आणि दोहोंमध्ये चिकटविलेले रबर. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि उलट फिरतो. ठराविक वेगांना ही पीळ वाढत जाऊन शाफ्ट मोडू शकतो. ही कंपने शमविण्याचा उपाय ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१० च्या सुमारास योजला. रबरावर बसविलेले जड कडे हेच काम करते. त्याचे वजन आणि रबराचा ताठपणा त्या विशिष्ट एंजिनासाठी ठरविलेला असतो. रबर कडक झाले, चिरले किंवा कडे डगमगू लागले, म्हणजे कोठलाही चिकट पदार्थ भरून किंवा दोन भाग बोल्टने जखडून ती कप्पी नीट होत नाही. जखडलेली कप्पी डोळ्यांना स्थिर दिसते, पण कंपने शमविण्याचे तिचे काम संपलेले असते. शिवाय रबर घसरले असेल तर बाहेरच्या कड्यावरची टायमिंगची खूण खोटी दाखवते. अशी कप्पी बदलावी, किंवा रबर पुन्हा भरून देणाऱ्या जाणकार कारखान्याकडे द्यावी.

दुरुस्त कप्पी परत बसविताना सीलच्या ओठाला तेल लावावे. कोरडा ओठ पहिल्याच मिनिटात जळतो. टायमिंग कव्हर काढले असेल तर त्याचे स्क्रू अर्धवट ठेवून आधी कप्पी आत सरकवावी. तुंबा सीलला आपोआप मध्यावर आणतो, आणि मगच कव्हरचे स्क्रू आवळावेत. हा क्रम उलटा केला तर सील एका बाजूला दाबले जाऊन नवीनच गळती सुरू होते. कानाचा वायसर नवा घ्यावा, कारण एकदा वाकवून सरळ केलेला पत्रा पुन्हा वाकवताना तुटतो. नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका आवळावा.

कप्पी सरळ फिरते की नाही हे पाहण्यास डायल गेज नसले तरी चालते. डायनामोच्या कंसाला एक जाड तार बांधून तिचे टोक कप्पीच्या काठाजवळ आणावे, प्लग काढून एंजिन हाताने सावकाश फिरवावे आणि तार व काठ यांमधील अंतर फिलर गेजच्या पात्यांनी मोजावे. एका फेऱ्यात ते लक्षणीय बदलले तर कप्पी वाकलेली आहे किंवा चावीवर तिरपी बसली आहे. ती पुन्हा काढावी.

मग पट्टा चढवावा. सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता तो सुमारे १२ मिलिमीटर दबावा, याहून अधिक ताणू नये. रेडिएटर बसवून पाणी भरल्यावर, साडीचे किंवा धोतराचे टोक, सैल बाह्या, गळ्यातील मफलर हे सारे पट्ट्यापासून दूर ठेवून एंजिन सुरू करावे. नवा पट्टा पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरांत थोडा सैलावतो. तेव्हा एकदा तो पुन्हा तपासावा लागतो. त्याच वेळी नटाकडेही पाहावे. बसविताना नट आणि तुंबा या दोहोंवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवलेली असली, तर हे काम क्षणाचे आहे: रेघ अखंड असेल तर नट जागच्या जागी आहे, आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर रेडिएटर पुन्हा बाहेर काढावा.